थरथरीचे सुटे पैसे

आमच्या ओट्यावरचा गॅसचा लायटर यंदा बारा वर्षांचा झाला. नळकांडं काळवंडलंय, मुठीचं प्लॅस्टिक एका बाजूने वितळलंय (पेटत्या शेगडीशेजारी विसरला होता), पण टक् केलं की ठिणगी पडतेच. बारा वर्षांत त्यात एकदाही सेल घातला नाही, कारण सेल घालायला जागाच नाही. भिंतीवरचं घड्याळ सेल मागतं, टीव्हीचा रिमोट मागतो, वजनकाटा मागतो. लायटर मागत नाही. याचं नवल मला चाळिशीपर्यंत कधी वाटलं नाही. कारखान्यात कंपनं मोजून पोट भरणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण तसं झालं खरं.

*

मेलेला एक लायटर परवा उघडला. आत एक स्प्रिंग, एक बोटाच्या पेराएवढी हातोडी आणि एक खटका. दांडा दाबत गेलं की स्प्रिंग आवळत जाते, एका जागी खटका सुटतो आणि हातोडी पुढच्या पांढरट कांडीवर आदळते. कांडी दिसते चिनीमातीसारखी, पण ती शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांची भाजलेली असते. धंद्यातलं नाव पीझेडटी. घाव बसला की कांडीच्या दोन टोकांत काही हजार व्होल्ट उभे राहतात, आणि नळकांड्याच्या तोंडाशी असलेली काही मिलिमीटर हवा फोडून पलीकडे उडी मारतात.

हजारो व्होल्ट ऐकून दचकायचं कारण नाही. ठिणगी चुकून बोटाला बसली तर चिमटा काढल्यासारखं होतं, एवढंच. एका टक् मागे ऊर्जा असते मिलिज्यूलच्या घरातली. पाटीलकी मोठी, जमीन दोन गुंठे.

*

तीच कांडी बाकावरच्या पकडीत धरून सावकाश आवळली. ठिणगी नाही. आणखी आवळली. नाही. जमा होणारा विद्युतभार सावकाश दाबात आपोआप गळून जातो. ओझं नुसतं ठेवून काही मिळत नाही, ते बदलावं लागतं आणि भराभर बदलावं लागतं. फलाटावर तासभर उभी असलेली गर्दी या हिशेबात शून्य.

*

मराठीत याला दाबविद्युत म्हणतात. शब्द चांगला आहे. तरी कारखान्यात सगळे पिझोच म्हणतात, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थही दाबणं हाच.

*

१८८०, पॅरिस. पिएर क्यूरी एकवीस वर्षांचा होता, त्याचा थोरला भाऊ झाक चोविशीत. टूर्मलीनचा खडा तापवला की त्याची टोकं विद्युतभारित होतात, हे तेव्हा जुनं झालं होतं. अठराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून आणलेले हे खडे निखाऱ्यापाशी नेले की राख ओढून घेत, म्हणून त्यांना राख-ओढे असंच नाव पडलं होतं. भावांनी विचार केला तो उलट बाजूने. तापल्यावर खडा फुगतो, म्हणजे त्याचा आकार बदलतो. मग आकार दाबूनच बदलला तर? कुठल्या दिशेने दाबल्यावर काय होईल याचा अंदाज त्यांनी स्फटिकाच्या सममितीवरून बांधला, आणि मग कथलाचा पातळ पत्रा, तारा आणि जवाहिऱ्याची करवत घेऊन बसले. क्वार्ट्झ, टूर्मलीन, पुष्कराज, रोशेल सॉल्ट आणि उसाची साखर, यांच्यात त्यांना विद्युतभार मिळाला.

मला अडवून ठेवते ती शेवटची नोंद. उसाच्या साखरेचा मोठा स्फटिक म्हणजे आपली खडीसाखर.

*

मीठ नाही, साखर होय. मिठाच्या स्फटिकात कुठल्याही अणूच्या जागी उभं राहून समोर पाहा, मग पाठ फिरवून पाहा; दृश्य तेच. दोन्हीकडून सारखाच दबतो, त्यामुळे धन आणि ऋण भारांचे मध्य एकमेकांवरच राहतात. साखरेचा रेणू वेडावाकडा, आणि रेणूंची रांगही अशी की समोरचं आणि मागचं सारखं नाही. दाबल्यावर मध्य सरकतात, आणि ते सरकणं म्हणजेच वीज. स्फटिकांचे सममितीनुसार एकूण ३२ वर्ग पडतात, त्यांतल्या २० वर्गांना ही विद्या येते. वाकडेपणा लागतो. सरळमार्गी मीठ जन्मभर मुकं.

*

खडीसाखर पक्कडीत धरून अंधारात फोडली. न्हाणीघराचा दिवा बंद करून दहा मिनिटं नुसताच उभा होतो, डोळे सरावायला. पहिले दोन खडे वाया गेले. तिसऱ्याला करकचून दाबल्यावर पक्कडीच्या जबड्यात निळसर चमक आली आणि गेली. तुटताना भार वेगळे होतात आणि मधल्या हवेतला नायट्रोजन क्षणभर उजळतो.

बाहेरून आई : "काय रे करतोयस आत?"

"साखर फोडतोय."

"ती नैवेद्याची आणलीय."

उरलेली डब्यात परत ठेवली. चव तीच.

*

लिपमान या भौतिकशास्त्रज्ञाने १८८१ साली गणित मांडून सांगितलं की उलटही घडायला हवं : वीज दिली तर स्फटिक हलायला हवा. क्यूरी बंधूंनी लगेच तेही दाखवून दिलं. मनगटातल्या क्वार्ट्झ घड्याळात ही उलटी वाट आहे. आतला चिमुकला दुशाखी क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. पहिलं असं मनगटी घड्याळ सेकोने १९६९ च्या नाताळात विकायला ठेवलं.

*

रेडियमच्या गोष्टीत सगळ्यांना मारी क्यूरी आठवते, क्वार्ट्झची पट्टी कुणाला आठवत नाही. १८९८ मध्ये युरेनियमच्या खनिजांमुळे हवेत वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह तिने मोजला तो नवऱ्याच्या आणि दिराच्या उपकरणाने. क्वार्ट्झच्या पातळ पट्टीला वजन टांगायचं, ताणामुळे सुटणारा भार त्या प्रवाहासमोर तोलायचा, हातात घड्याळ. किराणा दुकानातला तराजू, फक्त एका पारड्यात किरणोत्सर्ग.

*

आमच्या कारखान्यात एक फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. पंपाच्या बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दहा सेकंदांनी उघडून म्हणायचे, "हिची आतली रिंग गेली. पुढच्या अमावास्येच्या आत बदला." अमावास्या हा त्यांचा विनोद होता, रिंग मात्र खरंच गेलेली असायची.

पुढे माझ्या हातात मोजायचं यंत्र आलं. चुंबकाने बेअरिंगवर चिकटवायची सुपारीएवढी डबी आणि तिच्यातून निघणारी वायर. तिच्या आत काय? पिझोची चकती आणि चकतीवर छोटं वजन. यंत्र थरथरलं की वजन चकतीला दाबतं-सोडतं, चकती भार सोडते, आपण आलेख वाचतो. मामांनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "साहेब, हा माझाच स्क्रू ड्रायव्हर, फक्त कान विकत घेतलेला."

*

डबीला वायर नको, रेडिओवरून आकडे यावेत, ही पुढची पायरी. आली. पण रेडिओ म्हटला की सेल आला.

सेलची किंमत तीनशे रुपये. तो बदलायची किंमत : कूलिंग टॉवरच्या वरचा पंखा बंद करायचा, त्यासाठी प्रॉडक्शनच्या विनवण्या, उंचीवरच्या कामाचं परमिट, सेफ्टी बेल्ट, वर एक माणूस, खाली शिडी धरायला एक माणूस, आणि पाऊस असेल तर उद्या या. असे साठ सेन्सर. वीज कुणाला हवी होती? आम्हाला ती शिडी चढायची नव्हती. कंपनातून वीज काढायच्या साऱ्या खटाटोपामागे माझ्या मते हेच एक खरं कारण आहे. वर्तमानपत्रात मात्र शिडी कधी येत नाही, शहर उजळल्याचं चित्र येतं.

*

हिशेब. नाण्याएवढा सीआर२०३२ सेल, ३ व्होल्ट, २२० मिलिअँपिअर-तास. म्हणजे साधारण २,४०० ज्यूल.

बर्कलीच्या शॅड राउंडी आणि पॉल राइट यांनी २००४ साली सुमारे एक घन सेंटिमीटरच्या पिझो पट्टीतून ३७५ मायक्रोवॅट काढून दाखवले. कंपन सेकंदाला १२० वेळा, त्वरण अडीच मीटर प्रति वर्ग सेकंद, म्हणजे गुरुत्वाच्या पाव पट. या दराने ती पट्टी ७३ दिवसांत त्या सेलइतकी ऊर्जा देऊन मोकळी होते, आणि चौऱ्याहत्तराव्या दिवशीही कामावर हजर असते. सेल संपतो, पट्टी संपत नाही.

अट एकच. यंत्र रात्रंदिवस, त्याच सुरात थरथरलं पाहिजे.

*

त्याच राउंडी-राइटांनी यान राबाई यांच्यासोबत आधी एक तक्ता केला होता, २००३ मध्ये. घरात-ऑफिसात काय किती थरथरतं याचा. मला असले तक्ते कादंबरीसारखे वाचता येतात. मिक्सरचं कवच : ६.४ मीटर प्रति वर्ग सेकंद, १२१ हर्ट्झ. कपडे वाळवायचं यंत्र : ३.५, पुन्हा १२१. दार आपटल्यानंतर चौकट : ३. मायक्रोवेव्ह : २.२५, परत १२१. रहदारीच्या रस्त्यालगतची खिडकी : ०.७. लाकडी इमारतीचा दुसरा मजला : ०.२.

हा १२१ पुन्हापुन्हा का येतो? अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावे घेते, आणि लोखंड दर हेलकाव्यात दोनदा ओढलं जातं, म्हणजे १२० च्या आसपास. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून आपल्या चौकातला ट्रान्सफॉर्मर १०० वर गुणगुणतो. अमेरिकेतून मागवलेली १२० ची पट्टी पुण्यातल्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवली तर ढिम्म हलणार नाही. विजेलाही प्रांतभेद असतो.

*

पट्टी म्हणजे काय ते लिहून ठेवतो. पोहायच्या तलावावरची उडी मारायची फळी आठवा. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं, मोकळ्या टोकाला पितळेचा ठोकळा. फळीच्या पाठीला आणि पोटाला पिझोचा थर. यंत्र हललं की फळी वरखाली होते, थर ताणला-दाबला जातो, दोन तारांतून उलटसुलट वीज बाहेर. ती चार डायोडांतून एका दिशेला वळवायची, कपॅसिटरमध्ये साठवायची, पुरेशी झाली की सेन्सरला एक घोट द्यायचा. सेन्सर जागा होतो, मोजतो, आकडा पाठवतो, पुन्हा झोपतो. बहुतेक वेळ तो झोपलेलाच असतो. कारखान्यात असं झोपून पगार घेणारे आणखीही आहेत, पण ते जाऊ दे.

मधे बसवायची एलटीसी३५८८ नावाची एक चिप मिळते. काम नसताना ती स्वतः एक मायक्रोअँपिअरहून कमी पिते. सुटे पैसे मोजायला ठेवलेल्या मुनिमाचा पगार सुट्या पैशांपेक्षा कमीच हवा.

*

आता आमची फजिती.

पंपाची मोटर चार पोलची, मिनिटाला १,४८० फेरे. भागिले साठ, २४.७ हर्ट्झ. एका पुरवठादाराकडून त्या सुराला लावलेली पट्टी मागवली. तळहाताएवढी लांब, कारण सूर खाली न्यायचा तर फळी लांब आणि ठोकळा जड लागतो. बसवली. पहिल्या दिवशी ठोकळ्याच्या टोकाला कानस लावून सूर थोडा वर सरकवावा लागला, तंबोऱ्याचा मणी सरकवावा तसा. मग ती जी झुलायला लागली! नुसत्या डोळ्यांनी ठोकळा धूसर दिसत होता. दर दहा मिनिटांनी आकडा येत होता. मी दोन खात्यांच्या लोकांना बोलावून दाखवलं. चहा झाला.

तीन महिन्यांनी आकडे बंद. डबी बदलली, चिप तपासली, तारा पाहिल्या, रेडिओचा अँटेना हलवून पाहिला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मामा आले (तोवर रिटायर झालेले, सोसायटीच्या कर्जाच्या कामाला आले होते), मोटरवर तळवा ठेवला आणि विचारलं, "ही एवढी सावकाश कधीपासून चालते?"

वीज वाचवा मोहिमेत इलेक्ट्रिकलवाल्यांनी पंपाला व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरची गती बदलणारं यंत्र, बसवला होता. त्यामुळे मोटर आता ५० ऐवजी ४० हर्ट्झवर, म्हणजे मिनिटाला बाराशेच्या आत. आमची पट्टी २४.७ ला कान लावून बसलेली, मोटर २० च्या खाली गात होती. सतारीच्या तरफेच्या तारांचं असंच असतं : आपला स्वर लागला तर झंकार, शेजारचा लागला तर मख्ख. आमच्या पट्टीला तर अर्धा हर्ट्झ इकडेतिकडे झालेला खपत नव्हता.

व्हीएफडीने महिन्याला हजारो रुपयांची वीज वाचवली, हे कबूल. काही मायक्रोवॅटसाठी मी त्याच्याशी भांडलो, हेही कबूल.

*

यावर उपाय शोधणारे पुष्कळ आहेत. वेगवेगळ्या सुरांच्या पट्ट्यांची बाजाच्या पेटीसारखी रांग, टोकाशी चुंबक ठेवून पट्टीला दोन स्थितींत उड्या मारायला लावणं, स्वतःचा सूर स्वतः सरकवणारी पट्टी. रांगेत एक वाजते तेव्हा बाकीच्या बसून असतात. सूर सरकवायला जी ऊर्जा लागते ती कुठून आणायची? चुंबकाची कल्पना मला आवडते, कारण ती सुराचा हट्टच सोडून देते.

*

मोठ्या आकड्यांची गोष्ट. टोकियो स्टेशनवर जेआर ईस्टने २००६ आणि २००८ मध्ये तिकिटाच्या गेटांपाशी वीज देणाऱ्या फरश्या बसवून पाहिल्या. तेव्हापासून दर काही महिन्यांनी माझ्याकडे कुणीतरी कात्रण पाठवतं : आपल्या लोकलच्या स्टेशनांवर का नाही? दादर उजळून निघेल!

कागद घेतला. एक लाख माणसं, प्रत्येकाची दहा पावलं फरशीवर. एका पावलाला २ ज्यूल वीज मिळते असं हात सैल सोडून धरू. एकूण २० लाख ज्यूल. वीज बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. लाख माणसांच्या दहा लाख पावलांची कमाई अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त. फलाटाच्या पत्र्यावर एक चौरस मीटर सोलर पॅनेल टाकलं तर ते कडक उन्हाच्या दिवशी कुणाचीही चप्पल न झिजवता याहून जास्त देतं.

कात्रणात "एका पावलाला ५ वॅट" असं छापलेलं असतं. वॅट हा वेग आहे, माल नव्हे. नळाची धार मोठी आहे असं सांगायचं, आणि नळ अर्धाच सेकंद उघडा होता हे सांगायचं नाही.

*

रॉटरडॅमला २००८ मध्ये नाचणाऱ्यांच्या पावलांवर दिवे लावणारी जमीन असलेला क्लब निघाला. तोही पिझोच्या यादीत सर्रास घालतात. त्या जमिनीखाली स्फटिक नव्हते, फिरणारी छोटी जनित्रं होती, चुंबक आणि तांब्याचं वेटोळं. लंडनच्या पेव्हजेनच्या फरश्यांतही चुंबकच. कारण साधं आहे. पीझेडटी दबते मायक्रॉनांत. जोर प्रचंड लावला तरी ती हलत नाही, आणि ऊर्जा म्हणजे जोर गुणिले हलणं. पाऊल जड असतं पण सावकाश पडतं. त्याला पाच-दहा मिलिमीटर खचणारी फरशी आणि चाक-चुंबकच बरे. पिझोची जागा जलद, बारीक, न थांबणारी थरथर. जिथे माणूस नाचतो तिथे ती नाही, जिथे बेअरिंग किरकिरतं तिथे आहे.

*

साठ किलोचा माणूस पाच मिलिमीटर खाली गेला की सुमारे तीन ज्यूल सुटतात. ते आले त्याच्याच पायातून. गणपतीपुळ्याच्या पुळणीत अर्धा तास चालल्यावर पिंढऱ्या भरून येतात, तोच हा कर. रस्त्यात पिझो पेरून मोटारींकडून वीज काढायची योजनाही अशीच. रस्ता टणक असेल तर हातात फार काही येत नाही, आणि मऊ केला तर प्रत्येक गाडी सतत किंचित चढ चढल्यासारखी पेट्रोल जाळते. टोलनाकाच, फक्त पावती न देणारा.

बेअरिंगच्या थरथरीचं तसं नाही. ती वाया जाणारच होती.

*

बूट. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये १९९८ च्या सुमारास जोसेफ पॅराडिसो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बुटाच्या टाचेत पीझेडटीची वाकवलेली पट्टी आणि पुढच्या चवड्याखाली पीव्हीडीएफ नावाचं पिझो प्लॅस्टिक घातलं. (त्या प्लॅस्टिकचा हा गुण १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाईंनी दाखवला.) सरासरी कमाई : टाचेत ८.४ मिलिवॅट, चवड्याखाली १.३. एवढ्यावर बूट दर काही पावलांनी रेडिओवरून स्वतःचा क्रमांक सांगत असे. काम नेमकं तेवढंच निवडलं होतं, म्हणून तो प्रयोग मला आवडतो.

मी तो आकडा घेऊन वारीला गेलो, कागदावर. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, ताशी चार किलोमीटरने बासष्ट तासांची चाल. दोन्ही टाचांत पट्ट्या. कमाई एक वॅट-तासाच्या आसपास. माझ्या फोनची बॅटरी पंधरा वॅट-तासांची. पंढरपूरला पोचेपर्यंत सात टक्के. आणि कित्येक वारकरी अनवाणीच चालतात.

*

पुण्यातल्या तापकीर गल्लीत पिझोच्या चकत्या सुट्या मिळतात. पितळेची पातळ थाळी, त्यावर पांढरा थर आणि चंदेरी मुलामा. बझरमध्ये असतात त्याच. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "सत्तावीसची का पस्तीसची?" सत्तावीस मिलिमीटरच्या दोन घेतल्या.

घरी चार डायोड, शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, लाल एलईडी. भाचीला पेन्सिलीच्या रबराने चकतीवर टकटक करायला बसवलं. शंभर झाल्या : मीटरवर अर्धा व्होल्टसुद्धा नाही. तीनशे : एक व्होल्टच्या वर. "मामा, माझा हात दुखतोय." मीटर काढून घेतला, कारण तोही थोडं पितो. सहाशे झाल्यावर एलईडी जोडला. एकदा लुकलुकला आणि विझला.

"बस्स?"

"बस्स."

तिने चकती उचलून कानाशी धरली, काही ऐकू येतंय का ते पाहिलं, मग खाली ठेवून पेन्सिलीने तिच्यावर डोळे काढले.

*

दुसरी चकती मी स्वतः मारली. तार निघाली म्हणून पुन्हा झाळायला घेतली आणि झाळणी जास्त वेळ टेकवली. पीझेडटी भट्टीतून निघते तेव्हा मुकीच असते; आतले कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले. तिला गरम तेलात बुडवून दर मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्ट लावतात, तेव्हा कण एका दिशेला वळतात आणि थंड झाल्यावर तसेच राहतात. एका ठरावीक तापमानापलीकडे नेलं की सगळं विसरतात. त्या तापमानाचं नाव क्यूरी बिंदू, याच पिएरच्या नावावरून, जरी त्याने तो शोधला लोहचुंबकाच्या अभ्यासात. बेरियम टायटनेटचा १२० अंश सेल्सियस. पीझेडटीचा बराच वर, पण माझी झाळणीही बरीच वर.

*

ज्या आरपीजी-७ च्या बातम्या युद्धांतून येतात, तिच्या गोळ्याच्या नाकात पिझो स्फटिक असतो. रणगाड्यावर आदळला की स्वतःच्या चिरडण्यातून स्फोटाची वीज देतो. लायटरचाच भाऊ.

*

पीझेडटीत वजनाने साठ टक्क्यांहून जास्त शिसं. जुना लायटर भंगारात टाकताना हे आठवतं, आणि टाकतो. जपानमध्ये २००४ साली शिशाशिवायचा, पोटॅशियम-सोडियम-नायोबियमचा चांगला पदार्थ निघाला. ओट्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

*

हाड पिझो असतं. जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखवलं. मामा स्क्रू ड्रायव्हर कानामागच्या हाडाला लावायचे, म्हणजे थरथरीच्या त्यांच्याकडच्या टोकालाही पिझो. ऐकण्याशी याचा संबंध नाही हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो.

*

जर्मनीच्या एनओशन कंपनीचं बिनतारी, बिनसेलचं बटण : दाबण्याच्या जोरावरच वीज तयार करून दिव्याला रेडिओने कळवणारं. पहिल्या पिढीत पिझो होता. पुढे तो काढून चुंबक घातला, कारण बटण हलक्या हाताने दाबता यावं आणि जास्त वर्षं टिकावं. पिझोवाल्यांच्या सभेत ही गोष्ट कुणी काढत नाही.

*

व्हीएफडीनंतर आम्ही पट्टी त्या पंपावरून काढून कॉम्प्रेसरवर नेली. तो एकाच गतीने चालतो, त्याला कुणी हात लावत नाही. ठोकळा पुन्हा घासून सूर लावला. चार वर्षं झाली. दर दहा मिनिटांनी आकडा.

गेल्या दिवाळीत सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोल रूममधल्या नव्या मुलाचा फोन. "सर, कॉम्प्रेसरचा सेन्सर डेड झालाय. रात्रीपासून रीडिंग नाही."

"कॉम्प्रेसर चालू आहे का?"

"नाही सर. सुट्टी आहे ना."

"मग तोही सुट्टीवर आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्याने विचारलं, लॉगमध्ये काय लिहू? बंद लिहू नकोस, म्हटलं, थांबलाय लिही.

सोमवारी सात वाजता कॉम्प्रेसर सुरू झाला. कपॅसिटर पार रिकामा होता, तो भरेपर्यंत अर्धा तास गेला. सात बत्तीसला पहिला आकडा आला.

*

लायटरचं काळं नळकांडं आज चिंचेने घासलं. वितळलेली बाजू तशीच आहे.